पुस्तक दिसलं की ती रडते

पत्राचा सारांश: मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी पाळणाघरात जाऊ लागली, सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३०. दारात रोज रडारड होते. आईने याद्या चाळून आई-मुलाच्या दुराव्यावरची पाच नावाजलेली चित्रपुस्तकं आणली: घुबडाच्या पिल्लांचं, रकून या प्राण्याच्या पिल्लाचं, अदृश्य दोऱ्याचं, पळून जाऊ म्हणणाऱ्या सशाचं आणि कागदी झडपा उचलून बघायचं कुत्र्याच्या पिल्लाचं. रोज निघण्याआधी त्यातलं एक वाचायचं असा नेम ठेवला. पहिले चार दिवस मुलीने ऐकलं. आता पुस्तक हातात घेतलं की ती रडायला लागते, आणि परवा तिने एक पुस्तक सोफ्याखाली सरकवून दिलं. बाबा सोडायला गेले तर कमी रडते. सासूबाई म्हणतात, तिचं लक्ष नसताना निघून जावं. आई विचारतात: आता कुठलं पुस्तक आणू? की पुस्तकांचा नाद सोडून देऊ? आणि माझ्याच वेळी ती इतकी रडते, म्हणजे माझं काही चुकतंय का?

तुमच्या मुलीने पुस्तक सोफ्याखाली सरकवलं, तिथूनच सुरुवात करू. आधी पुस्तक, मग चप्पल, मग दार, मग आई गेली, हा क्रम तिने चार दिवसांत पाठ केला. त्यामुळे पुस्तक तिच्यासाठी निघण्याची घंटा झालं. घंटा लपवली तर निघणं टळेल, हा हिशेब त्या वयाला धरूनच आहे. तुम्ही सहावं पुस्तक आणलं आणि त्याच वेळेला वाचलं, तर आठवड्याभरात त्याचीही हीच गत होईल.

तेव्हा आज पाचही पुस्तकं उचलून कपाटात ठेवा. तिच्यासमोर ठेवा, पण त्यावर काही समजावत बसू नका. "ही आता इथे राहतील," एवढं पुरे. सकाळचं वाचन निदान दोन आठवडे बंद.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पुस्तक योग्य मिळालं तर रडणं थांबेल, असं तुम्ही धरून चालला आहात. ते जरा तपासून बघू या. आईपासून दूर होण्याची भीती साधारण सहा ते आठ महिन्यांच्या सुमाराला दिसू लागते, कारण डोळ्यांसमोर नसलेलं माणूसही कुठेतरी असतंच, हे बाळाला तेव्हा कळायला लागलेलं असतं. दहा ते अठरा महिन्यांत ती सगळ्यात तीव्र असते, तीन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांची ओसरू लागते, आणि नवी जागा, आजारपण, घरबदल, धाकटं भावंड यांपैकी काही घडलं की पुन्हा डोकं वर काढते. पावणेतीन वर्षांचं वय, नवं पाळणाघर आणि तिसरा आठवडा, असं असताना दारात रडणं यायचंच. आई कुठेतरी आहे हे तिला माहीत आहे. आई इथे नाही हेही कळतंय. 'साडेपाच' म्हणजे किती लांब, हे मात्र कळायला अजून काही वर्षं जातील. आई जाते आणि आई येते यांच्यामधला सगळा दिवस तिच्यासाठी कोरा कागद आहे, आणि तो कोरेपणा भीतीदायक असतो.

चित्रपुस्तकाच्या आवाक्यातलं काम हे आहे: त्या कोऱ्या कागदावर चित्रं काढणं. रडणं थांबवायला पाळणाघरातल्या ताईंची मांडी लागते आणि तुमचं रोज न चुकता परत येणं लागतं. हे काम पुस्तकाकडून करून घ्यायला गेलं की तुम्ही निराश होता आणि मूल पुस्तकावर चिडतं.

म्हणून दुराव्यावरचं पुस्तक हातात आलं की आधी एकट्याने बसून वाचा आणि त्यात चार गोष्टी शोधा. निरोप दिसतो का, म्हणजे मोठं माणूस सांगून जातं का? मधला वेळ दिसतो का, म्हणजे मूल तेवढ्या वेळात काही करतं का, की नुसतं वाट बघतं? आई त्या वेळी कुठे आहे हे दिसतं का? आणि परत भेट: ती पूर्ण पानावर, चेहरे दिसतील अशी आहे, की शेवटच्या ओळीत उरकली आहे? चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात. दुःखाला किती पानं दिली आहेत आणि परत येण्याला किती, हे खरंच मोजा. वीस पानं रडणं आणि एका पानावर मिठी असेल, तर मूल वीस पानं शिकतं.

या कसोटीवर तुमची पाच पुस्तकं लावली की दिसतं की ती एकमेकांना पर्याय नाहीतच. प्रत्येक वेगळ्या कामाचं आहे.

घुबडाच्या पिल्लांचं, म्हणजे मार्टिन वॉडेल यांचं १९९२ सालचं 'आउल बेबीज', परत भेटीसाठी फार मोलाचं आहे. आई येते तो क्षण पॅट्रिक बेन्सन यांच्या चित्रांमध्ये असा आहे की मुलं तिथेच थांबतात. पण गोष्ट सुरू होते ती पिल्लं रात्री जागी होतात आणि आई नाही, इथून. सांगून गेलेली नाही. ज्या घरात नजर चुकवून निघण्याचा प्रयोग झाला आहे, तिथे हे पुस्तक नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवतं. शिवाय रात्र आणि अंधार. हे पुस्तक दिवसा वाचायचं, आणि तुमच्या मुलीबरोबर तर आई परत येते त्या पानापासून.

रकूनचं पुस्तक ऑड्री पेन यांचं, 'द किसिंग हँड', १९९३ सालचं. आई पिल्लाच्या तळहातावर पापा देते आणि आठवण आली की तो हात गालाला लावायचा. निरोप यात छान आहे, आणि घरी उचलण्यासारखी एक कृतीही मिळते. पण गोष्ट शाळेच्या दाराशी संपते. मधला वेळ नाही, परत भेट नाही. त्यामुळे हे एकटं वाचलं तर मुलाच्या मनात चित्र उरतं ते दारात वेगळं होण्याचंच. दुसरी अडचण घरोघरी येते: पापा एकाचे दोन, दोनाचे दहा होतात, मूल प्रत्येक बोटावर मागू लागतं, आणि निरोप पंधरा मिनिटं लांबतो. उजव्या तळहातावर एक, एवढंच ठरवायचं आणि तेवढ्यावरच थांबायचं.

पॅट्रिस कार्स्ट यांचं 'द इन्व्हिजिबल स्ट्रिंग' (२०००) मनामनांना जोडणाऱ्या न दिसणाऱ्या दोऱ्याबद्दल आहे. कल्पना मोठ्यांना लगेच भिडते, आणि इथेच घोळ होतो. तीन वर्षांच्या आतलं मूल दोरा म्हणजे दोराच समजतं, आणि तो सापडत नाही म्हणून बेचैन होतं. चार-साडेचार वर्षांनंतर काढा. आणखी एक गोष्ट आधी माहीत असू द्या: हा दोरा स्वर्गातल्या काकापर्यंत पोचतो का, असा प्रश्न त्यात येतो. घरात अलीकडे कुणी गेलं असेल तर हे पान आधार देईल. तसं नसेल तर 'स्वर्ग म्हणजे कुठे' याचं उत्तर तयार ठेवून बसा.

सशाचं पुस्तक मार्गारेट वाइज ब्राउन यांचं, 'द रनअवे बनी', १९४२ सालचं. पिल्लू म्हणतं मी पळून जाईन, आई म्हणते मी मागोमाग येईन. जवळिकीचं हे पुस्तक झोपताना वाचायला चांगलं. पाळणाघरासाठी मात्र मी ते देणार नाही, कारण यात आई कधीच दूर होत नाही. नुकतंच पाळणाघरात जाऊ लागलेलं मूल यातून साधा निष्कर्ष काढू शकतं: त्याची आई मागोमाग येते, माझी का आली नाही?

राहिलं झडपांचं, एरिक हिल यांचं 'व्हेअर्ज स्पॉट?' (१९८०). यात दुःख नाही, दुरावा नाही. आई पिल्लाला शोधते, मूल एकेक झडप उचलतं, शेवटी पिल्लू सापडतं. यादीत ते सगळ्यात बाळबोध वाटलं असेल, पण तुमच्या घरात सगळ्यात आधी परत येण्याजोगं पुस्तक हेच आहे. नाहीसं होणं आणि सापडणं याचा सराव ते मुलाच्या स्वतःच्या बोटांनी करून घेतं. तोंड झाकून 'भॉक्' करण्याच्या खेळाचाच हा पुढचा टप्पा. दहा-अकरा महिन्यांच्या बाळाचे आईवडील हे वाचत असतील, तर त्यांना दुराव्यावरची गोष्टीची पुस्तकं अजून नकोतच. झडपा आणि भॉक् एवढं पुरेसं आहे.

पाचांत चारही गोष्टी एकत्र असलेलं एकही पुस्तक नाही, आणि ही त्या पुस्तकांची उणीव म्हणायची नाही. तुमची मुलगी कुठल्या दारातून आत जाते, कुठल्या ताईंजवळ बसते, आई त्या वेळी कुठल्या खुर्चीत असते, हे छापील पुस्तकाला कळणार कुठून? म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: पुढचं पुस्तक विकत आणू नका, घरी करा.

त्याला आणखी एक कारण आहे. लहान मुलांना पुस्तकातली गोष्ट खऱ्या जगाशी जोडायला चित्र खऱ्यासारखं असलं तर सोपं जातं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ आणि १८ महिन्यांच्या मुलांनी व्यंगचित्रासारख्या चित्रांपेक्षा फोटोंवरून शिकलेल्या वस्तू प्रत्यक्षात जास्त चांगल्या ओळखल्या. तुमची मुलगी त्याहून मोठी आहे, प्राण्यांच्या गोष्टी तिला कळतात. पण ताणात असताना मूल वयाने थोडं मागे सरकतं, आणि अशा वेळी गोष्टीतल्या रकूनपेक्षा स्वतःच्या बुटांचा फोटो जास्त बोलतो.

असं पुस्तक एकाच कागदातून तयार होतं. ए३ आकाराचा साधा, पातळ कागद घ्या. कार्डपेपर नको, कारण त्याच्या घड्या फुगतात आणि पुस्तक मिटत नाही. कागद आडवा ठेवून डावी कड उजव्या कडेवर आणून दुमडा, तसाच पुन्हा एकदा दुमडा, मग वरची कड खालच्या कडेवर आणा. उलगडलं की वर चार आणि खाली चार असे आठ चौकोन दिसतील. आता पुन्हा फक्त पहिली घडी घाला, डावी कड उजवीवर, आणि दुमडलेल्या बाजूने मधल्या आडव्या घडीवर कात्री चालवा, ती पुढच्या उभ्या घडीपर्यंतच. उलगडल्यावर कागदाच्या मध्यभागी दोन चौकोनांएवढी चीर असेल. वरची कड खाली आणून कागद लांबट दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला. चीर उघडते, अधिकच्या चिन्हासारखे चार पंख होतात, ते एकाच दिशेने गुंडाळले की पुस्तक. पानं साधारण १५ बाय १०.५ सेंटीमीटरची, छोट्या हातांना पेलणारी. ए४ घेतलात तर पानं याच्या निम्मी होतात आणि फोटोतले चेहरे कळत नाहीत. कात्री पुढच्या घडीच्या पलीकडे गेली तर मात्र कागद फाटून मोकळा होतो, तेवढं सांभाळा.

फोटो आधी चिकटवू नका. कोरं पुस्तक पूर्ण दुमडून घ्या, पेन्सिलीने पानांवर आकडे घाला आणि मगच चिकटवा. नाहीतर चार पानं हमखास उलटी येतात. फोटो साध्या कागदावर छापा. फोटोपेपर ताठ असल्याने घडीजवळ निघून येतो. ग्लूस्टिक वापरा, पातळ डिंकाने कागद सुरकुततो. कोपऱ्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली की पुस्तक महिनाभर टिकतं. दोन प्रती करा, एक घरी आणि एक पाळणाघराच्या पिशवीत.

पुढच्या आवरणावर तिचा फोटो आणि नाव. पहिल्या पानावर ती पिशवी घेऊन दारात उभी. दुसऱ्यावर पाळणाघराचं दार, ताई, आणि तुमचा निरोप: एक मिठी, एक पापा, हात हलवणं. तिसऱ्यावर ती तिथे खरोखर ज्याच्याशी खेळते ते. हे ताईंना विचारा, तुमच्या अंदाजाने ठोकळे चिकटवू नका. चौथं पान आठवणीचं: "आईची आठवण आली की ताई जवळ घेतात." हे पान गाळायचा मोह होतो, पण ते नसेल तर पुस्तक खोटं पडतं. पाचव्यावर जेवण, झोप, उठणं. सहाव्यावर आई कामाच्या जागी, पिशवी खांद्याला लावून निघताना. बसलेल्या आईपेक्षा निघालेली आई दाखवा. आणि मागच्या आवरणावर परत भेट: पाळणाघराच्या त्याच दारात हात पसरलेली आई. ते आवरणावर घ्यायचं कारण असं की पुस्तक पालथं पडलं, न उघडता नुसतं हातात धरलं, तरी परत भेट दिसत राहते.

प्रत्येक पानाला एक वाक्य, फार तर दोन. वाक्यं वर्तमानकाळातली आणि खरी. "आई लगेच येते" लिहू नका. साडेआठ तास म्हणजे लगेच नव्हे, आणि हे तिला अनुभवाने कळणारच आहे. "खूप मज्जा येते" नको, "शहाणी मुलं रडत नाहीत" तर मुळीच नको. घड्याळाची वेळ लिहू नका, क्रम लिहा: "झोपून उठलं, बाहेर खेळून झालं, की आई येते." हा क्रम ताईंकडून पक्का करून घ्या. बाहेर खेळणं आधी आणि झोप नंतर असेल तर झोपून उठल्याबरोबर ती दाराकडे बघत बसेल, आणि वाक्य तिच्या दृष्टीने खोटं ठरेल.

भाषेचीही एक खुबी इथे सांभाळावी लागते. मराठीत आपण निघताना "येते हं" म्हणतो. मोठ्यांना त्यातलं परत येणं ऐकू येतं. पावणेतीन वर्षांच्या मुलीला ऐकू येतं ते 'येते', आणि दिसते ती जाणारी आई. म्हणून पुस्तकात आणि दारातही काही महिने दोन्ही क्रियापदं सुटी वापरा: "आई आता जाते. खेळून झालं की आई परत येते." शब्द रोज तेच ठेवा. तुमची पाचही पुस्तकं इंग्रजी आहेत, ती परत निघतील तेव्हाही हेच करा. दर वेळी नवा अनुवाद करण्यापेक्षा मराठी वाक्यं एकदाच ठरवून छोट्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि पानांवर लावा, म्हणजे बाबा वाचतील तेव्हाही गोष्ट तीच राहील. लहान मुलाला आधार मिळतो तो पुढची ओळ आधीच माहीत असण्यातून.

मुलीला पाळणाघरातून घरी आणल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या आणि मग हे पुस्तक वाचा, किंवा सुटीच्या दिवशी सकाळी, जेव्हा कुणालाच कुठे जायचं नाही. पाच-सात मिनिटं पुरे. पानं तिला उलटू द्या, मागून पुढे उलटली तरी. आठवणीच्या पानावर तिने पुस्तक मिटलं तर मिटू द्या, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या आवरणापासून सुरुवात करा. परत भेटीचं पान तिने सहा वेळा मागितलं तर सहा वेळा दाखवा. तिला तेच हवं आहे. "तू पण अशीच रडतेस ना?" असं विचारू नका. असं विचारलं की गोष्टीची उलटतपासणी होते. "ही आता काय करतेय?" असा चित्रातल्या मुलीबद्दलचा प्रश्न विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजून थांबा. या वयात उत्तर यायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण बहुधा दोनलाच स्वतः उत्तर देऊन टाकतो. तिने उत्तर दिलं नाही तरी चालेल. पुस्तक मिटल्यावर बाहुलीला पाळणाघरात सोडण्याचा खेळ तिने काढला तर तिला आई होऊ द्या आणि तुम्ही रडणारी बाहुली व्हा. दुसऱ्याला सोडून जाऊन परत येण्याची सत्ता हातात आली की मुलं बरंच काही मोकळं करतात.

आता सासूबाईंचा सल्ला. तो मायेपोटी आहे, आणि त्या दिवसापुरता चालतोही: दारात रडणं होत नाही. पण मागे वळून बघितल्यावर आई नाही, हा अनुभव दोन-तीनदा आला की मूल पहारा करू लागतं. घरीसुद्धा पदर सोडत नाही, तुम्ही न्हाणीघरात गेलात तरी दाराशी बसतं. आणि तुमच्या पुस्तकाचं दुसरं पान, आई सांगून जाते हे, खोटं पडतं. सासूबाईंना हे असंच दाखवा, पुस्तक हातात देऊन. त्याच जर कधी आणायला जात असतील तर त्यांचाही फोटो हवा. मागच्या आवरणाला क्लिपने लावता येईल असं दुसरं चित्र करा, आजीच्या हसऱ्या चेहऱ्याचं. ज्या दिवशी आजी येणार त्या दिवशी सकाळी मुलीलाच ते लावू द्या.

दारातला निरोप दोन मिनिटांच्या आत, दुसऱ्या पानावर आहे तसाच आणि तेवढाच. मुलीला ताईंच्या हातात द्या, ठरलेली दोन वाक्यं म्हणा, निघा. रडणं ऐकून परत आत जाऊ नका. त्याने उद्याचं रडणं लांबतं. पुस्तक दारात उघडायचं नाही. पिशवीतली प्रत ताईंनी काढायची ती मुलगी थोडी सावरल्यावर, किंवा तिने मागितली तर. गप्प करण्याचं साधन म्हणून काढली तर तीही लवकरच सोफ्याखाली जाईल. काही मुलं पुस्तक उघडतच नाहीत, दिवसभर नुसतं बगलेत घेऊन फिरतात. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली लिहिलं होतं की मुलाची चादर किंवा मऊ खेळणं हे आई आणि बाहेरचं जग यांच्यामधला दुवा होतं. कागदी पुस्तकाचंही तसं होऊ शकतं. म्हणून फाटलं, चुरगळलं तरी लगेच नवं करकरीत देऊ नका, चिकटपट्टी लावून तेच द्या.

तुमचं काही चुकतंय का, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात जड प्रश्न. बाबांबरोबर कमी रडणं हा तुमच्याविरुद्धचा पुरावा नाही. बऱ्याच घरांत मूल सगळ्यात जास्त रडतं ते ज्या माणसापासून दूर होणं त्याला सगळ्यात अवघड जातं त्याच्याजवळ. याचा व्यावहारिक उपयोग करून घ्या: जमत असेल तर दोन-तीन आठवडे बाबांनी सोडावं आणि तुम्ही आणावं. मग दुसऱ्या पानावर फोटो बाबांचा लावा, आणि परत भेट तुमची राहील. तुमच्या दोघींच्या दिवसातला सगळ्यात वाईट क्षण काही दिवस तुमच्या वाट्याला येणार नाही आणि सगळ्यात चांगला येईल. तुम्ही दमलेल्या आहात, हे पत्रातून जाणवतं. ही सवलत घ्या.

प्रगती दारातल्या रडण्यावरून मोजू नका. ताईंना रोज चारच गोष्टी विचारा: गेल्यावर किती मिनिटांनी शांत झाली, मग काय खेळली, जेवली-झोपली का, आणि रडू आलं तेव्हा कुणाजवळ गेली. शेवटचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. दारात रोज रडणारी पण दहा मिनिटांनी ताईंच्या मांडीवर जाऊन बसणारी मुलगी रुळते आहे. याउलट अजिबात न रडणारं, कोपऱ्यात निमूट बसणारं, कुणाकडेच न जाणारं मूल रुळलं आहे असं धरू नका. लहान मुलांच्या दुराव्याचा अभ्यास करणारे जेम्स रॉबर्टसन यांच्या १९५२ सालच्या माहितीपटात रुग्णालयात आठ दिवस आईपासून दूर राहिलेली दोन वर्षांची मुलगी दिसते. ती फारशी रडत नव्हती, आणि तिचं ते आवरून धरणंच बघणाऱ्यांना दुःखाची खूण म्हणून ओळखायला शिकावं लागलं. तशा मुलांच्या आईवडिलांनाही हे पुस्तक करता येईल, त्यात आठवणीचं पान जास्त मोठं ठेवावं.

सोमवारी, सुटीनंतर आणि आजारपणानंतर रडणं पुन्हा वाढेल. त्याने मागचं वाया जात नाही. त्या आदल्या संध्याकाळी पुस्तक एकदा जास्त वाचा. चार आठवड्यांहून जास्त काळ रोजची तीव्र घबराट, पाळणाघरात खाणं-झोपणं बंद, निघण्याच्या विचारानेच उलट्या किंवा पोटदुखी, आलेलं बोलणं किंवा शी-शूवरचा ताबा मागे जाणं, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना भेटा, ते पुढे बालमानसतज्ज्ञांकडे पाठवतील. आणि नीट रुळलेलं मूल एका दिवसात अचानक घाबरू लागलं, किंवा एका ठरावीक माणसाचं नाव काढताच आक्रसू लागलं, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी त्या जागेची चौकशी करा. तिथे काय चाललं आहे हे कळेपर्यंत मुलाला धीर देणारी गोष्ट वाचणं बरोबर नाही, कारण भीती खरी असू शकते.

ज्यांचा प्रसंग वेगळा आहे त्यांनी पुस्तकातल्या याच चार गोष्टी, म्हणजे निरोप, मधला वेळ, आई कुठे आणि परत भेट, बदलून घ्याव्यात. बाबा चार दिवस परगावी जाणार असतील तर प्रत्येक रात्रीचं एक पान करा, म्हणजे रोज एक पान उलटून परत भेट किती जवळ आली ते दिसेल. आईची रात्रपाळी असेल तर 'आई कुठे' या पानावर कामावरची आई आणि झोपताना जवळ असणारं माणूस, दोघंही हवेत. रुग्णालयात राहायचं असेल तर परत भेटीचा दिवस लिहू नका, तो तुमच्या हातात नसतो. "रोज भेटायला येते" हे मात्र तसं होणारच असेल तर लिहा.

कपाटातल्या पाच पुस्तकांपैकी झडपांचं पुस्तक दोन आठवड्यांनी खेळण्यांच्या टोपलीत टाका, न सांगता. तिने काढलं तर काढलं. घुबडांचं आणि रकूनचं महिना-दीड महिन्याने, खालच्या कप्प्यात, तिच्या हाताला लागेल असं ठेवा. तिने आणून मांडीवर ठेवलं तर वाचा, आणि शेवटच्या पानापासून उघडलं तर तिथूनच वाचा. दोऱ्याचं तिच्या चौथ्या वाढदिवसानंतर. सशाचं आज रात्रीसुद्धा चालेल, पांघरुणात, दिवे मालवण्याआधी. फक्त तेही तिने मागितलं तरच.